मॅकनॅबांची सून

कुमुदताईंच्या घरी मी पहिल्यांदा गेले तो रविवार होता, आणि ऊन पडलं होतं. आयर्लंडमधल्या आमच्या गॉलवेत या दोन गोष्टी एकत्र येणं ही बातमी असते. लोक एकमेकांना फोन करून सांगतात. गाडीत आमच्या लेकीनं, सईनं, स्वेटरवर संत्र्याचा रस सांडून घेतला होता. कुमुदताई कोंबड्यांमागे कुठे तरी गेल्या होत्या, म्हणून मी आपलं अंगणातल्या नळाखाली स्वेटर खंगाळलं आणि दोरीवर टाकलं. दुसरा चिमटा लावते तोच घराच्या कोपऱ्यावरून आरोळी आली.

"काढ, काढ ते! इसाबेला सासूबाईंना चालत नाही रविवारी दोरीवर कपडे घातलेले!"

पाठोपाठ आरोळीची मालकीण आली. सत्तरी ओलांडलेली, ठेंगणी, अंगावर नवऱ्याचा जुना ट्वीडचा कोट, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कपाळावर रुपयाएवढी टिकली आणि काखेत एक कोंबडी.

मी गडबडले. कुमुदताई त्या एवढ्या शेतघरात एकट्या राहतात, असं मराठी मंडळात ऐकलं होतं. सासूबाई आहेत हे कुणी सांगितलं नव्हतं. ताईंचं हे वय, म्हणजे सासूबाई शंभरीला टेकलेल्या असणार. मी ओलं स्वेटर पाठीमागे लपवलं आणि आवाज खाली आणला.

"झोपल्यात का त्या?"

"हो ना बाप्पा," कुमुदताई म्हणाल्या, "पहिलं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीपासून."

आणि स्वेटर त्यांनी स्वतः काढून माझ्या हातात दिलं. गॉलवेतला आठवड्यातला एकुलता एक कोरडा दिवस आम्ही इसाबेलाबाईंच्या चरणी अर्पण केला. सई घरी जाईपर्यंत माझ्या ओढणीत गुंडाळलेली होती.

डॉक्टर कुमुद मॅकनॅब, माहेरच्या देशकर. नागपुरात डॉक्टर झाल्या, अगदी तरुणपणी आयर्लंडला आल्या आणि निवृत्त होईपर्यंत इथल्या सरकारी इस्पितळात भूल देत राहिल्या. त्यांचं मराठी अजून नागपूरच्या धंतोलीतच राहतं, फक्त मधूनमधून गॉलवेला फिरायला येतं. "कसं चाललंय ताई?" असं विचारलं की, "सगळं ग्रँड होऊन राहिलंय," असं उत्तर मिळतं. पण त्यांचं ठेवणीतलं वाक्य वेगळंच आहे: "आमच्यात चालत नाही." यातलं 'आमच्यात' म्हणजे देशकरांच्यात असं कुणी समजू नये. 'आमच्यात' म्हणजे मॅकनॅबांच्यात.

हे मॅकनॅब व्हिक्टोरिया राणीच्या काळात स्कॉटलंडमधून मेंढ्या, नांगर आणि बायकामुलं घेऊन समुद्र ओलांडून इकडे आले आणि दगडी कुंपणांच्या या मुलखात शेती करून राहिले. पुढच्या पिढ्या इथेच जन्मल्या, इथेच पुरल्या गेल्या, तरी गावाच्या लेखी ते आजही 'स्कॉच लोक'. त्या घरच्या इव्हानशी लग्न करून कुमुदताई त्यांच्यात आल्या आणि आपोआप त्यांनाही ती पदवी लागली. ताईंची शेतं मेंढ्यांसाठी भाड्यानं घेणारा डेक्लन मला रस्ता सांगताना म्हणाला होता, "पुढच्या वळणावर डावीकडे, स्कॉच डॉक्टरचं घर." मी लाल केसांची कोणी तरी बाई डोळ्यांपुढे आणत, घर चुकलं की काय म्हणत दार वाजवलं आणि मागच्या कोंबड्यांकडून आवाज आला, "कोण येऊन राहिलंय?"

घरात शिरलं की बोळात समोरच एक मोठा फोटो आहे. स्कॉटलंडमधल्या जुन्या घराच्या दारात, निघायच्या आधी काढलेला. त्या काळी फोटोसाठी बराच वेळ स्तब्ध उभं राहावं लागे म्हणतात. ही मंडळी त्यानंतर हललीच नाहीत असं वाटतं. मध्ये दाढीवाले आजेसासरे अलेक्झांडर, कोर्टात निकाल ऐकायला उभे असल्यासारखे. शेजारी काळ्या पोशाखात इसाबेला सासूबाई. नात्यानं खरं तर आजेसासूबाई, पण कुमुदताई तेवढं अंतर मानत नाहीत. एका बाजूला हातात बादली घेतलेली, ओठ घट्ट मिटलेली तरुण बाई, ती आजेसासऱ्यांची बहीण, जेसी आत्याबाई. मागे टोपीवाला नांगऱ्या टॅम. पुढे तीन पोरं, आणि इसाबेलाबाईंच्या कडेवर पांढऱ्या धुक्याचा एक गोळा. "हे माझे सासरे," कुमुदताई ओळख करून देतात. "ऐन वेळी हलले."

घरात येणाऱ्या प्रत्येकाची या मंडळींशी ओळख करून दिली जाते. बूट काढायच्या आधी.

आता या माणसांचे नियम. संध्याकाळी एका खोलीत एकच दिवा, कारण आजेसासरे एका मेणबत्तीत सगळ्या घराचं वाचन उरकत. माझा नवरा निखिल विद्यापीठात प्रकाशावरच संशोधन करतो, तो पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला आला तेव्हा चाचपडत भात कालवत होता आणि घरी आल्यावर म्हणाला, "जेवण छान होतं. काय होतं?" दोरीचा तुकडा टाकायचा नाही. कागदी पिशवी इस्त्री करून ठेवायची. रविवारी पत्ते नाहीत, शिट्टी नाही, कात्री नाही.

आणि पॉरिज. ओट्सची ही घट्ट पेज सोमवारी सकाळी मोठ्या पातेल्यात शिजते आणि गरम असतानाच स्वयंपाकघरातल्या प्रेसच्या खणात ओतली जाते. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. खण म्हणजे खराखुरा ओढायचा लाकडी खण, ज्यात तुम्हीआम्ही चमचे ठेवतो. ती थिजली की वड्या पाडायच्या आणि आठवडाभर खायच्या. "आमच्यात असंच करतात," ताई सांगतात, "टॅम शेतावर जाताना दोन वड्या खिशात घालायचा." माझी आई कराडहून आली होती, तिनं खण ओढला, वाकून पाहिलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "ह्या बाईला ताटं न्हाईत व्हय?"

पॉरिजमध्ये साखर चालत नाही, मीठच. साखर म्हणजे लाड, असं अलेक्झांडरांचं मत. पण एकदा मी पाहिलं तर ताई वडीवर मोहरी आणि सुक्या मिरचीची चुरचुरीत फोडणी ओतत होत्या.

"हे चालतं?" मी विचारलं.

"मीठ चालतं ना? मग मिठाच्या मागोमाग फोडणी येतेच. मी आत्याबाईंना विचारलं."

"काय म्हणाल्या?"

"काहीच बोलल्या नाहीत. त्यांना पटलं नसतं तर बोलल्या असत्या. फटकळ होत्या फार."

मॅकनॅबांचा कायदा असा कडक होता, पण वकील नागपूरचा होता.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्याची खरी कसोटी लागली. मंडळातल्या कुणाच्याच घरात तेवढी जागा नव्हती म्हणून ताईंनी आपलं घर देऊ केलं. तिळाच्या वड्या झाल्या, वाणाला चहाची गाळणी आणली. त्या वर्षी नव्यानं आलेल्या एक वहिनी होत्या, इथल्याच कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. आयर्लंडला येताना त्यांनी सगळे रीतिरिवाज सामानात घट्ट बांधून आणले होते. कुमुदताई हातात करंडा घेऊन उभ्या राहिल्या तशा त्या जरा मागे सरकल्या आणि हसत हसत, लागेल अशा बेतानं म्हणाल्या, "अय्या, ताई तुम्ही कशाला? म्हणजे... इव्हानकाका तर आता..."

आम्ही सगळ्या गाळण्यांकडे बघत होतो.

"मी कुठे देऊन राहिले?" कुमुदताई शांतपणे म्हणाल्या. "इसाबेला सासूबाई देऊन राहिल्यात. त्यांचे यजमान शेजारीच उभे आहेत, बघ ना."

आणि त्यांनी फोटोतल्या इसाबेलाबाईंना पहिलं कुंकू लावलं, मग बादलीवाल्या जेसी आत्याबाईंना, मग त्या वहिनींना. वहिनींनी मुकाट्यानं लावून घेतलं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या सवाष्णीपुढे त्या काय बोलणार?

आम्ही घरी येऊन या गोष्टींवर पोट धरून हसायचो. हसता हसता मला एका गोष्टीचं मात्र नवल वाटायचं. माझं सासर कोथरूडला आहे, जितंजागतं आहे, आणि त्यांचा व्हॉट्सॲपवरचा गट मी कधीपासून गप्प करून ठेवला आहे. इकडे ही बाई, भूल देण्यात हयात गेलेली, स्वतः उत्तम कमावलेली, शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या परक्या देशातल्या सासूला विचारून दोरीवर कपडे घालते. सईचं मत वेगळं होतं. तिला मराठी सगळं समजतं आणि ती उत्तर गॉलवेच्या इंग्रजीत देते. "शी'ज ग्रँड, मम्मी," ती म्हणायची, "तिच्या घरात खूप लोक आहेत."

मग एका शुक्रवारी ताईंचा फोन आला.

"उद्या गाडी काढशील का? माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचंय, मला चालवू देत नाहीत. डब्लिनच्या वाटेवर, मेनूथच्या पलीकडे जायचंय. वन्संना आणायचंय."

मला वाटलं, हाही एखादा फोटो असणार. म्हटलं, "फ्रेम मोठी आहे का? मागची सीट पाडून ठेवते."

"फ्रेम कसली! नणंद आहे माझी. जिवंत आहे."

वाटेत दोन तास गाडीत मी ती हकिकत ऐकली. इव्हान मॅकनॅब अपेंडिक्सच्या दुखण्यानं इस्पितळात आला होता आणि भूल द्यायला कुमुदताई होत्या. "माझी भूल त्याच्यावरून कधी उतरलीच नाही, असं तो म्हणायचा." त्याच्या आईला ते मानवलं नाही. स्वतः या गावात जन्मभर परकी ठरलेली बाई, पण तिनं दुसऱ्या परकीला दार उघडलं नाही.

"उघडलं नाही म्हणजे?"

"म्हणजे उघडलंच नाही. लग्न ठरल्यावर मी साडी नेसून भेटायला गेले. पाऊस पडत होता. इव्हाननं दार वाजवलं. आत दिवा होता, चुलीचा धूर निघत होता. रागावणं नाही, शिव्या नाही, काहीच नाही. वरच्या खिडकीचा पडदा तेवढा हलला."

"मग?"

"मग काय, परत आलो. गाडीत बसून चिप्स खाल्ले. आमचं अर्धं आयुष्य शहरातल्या दोन खोल्यांत गेलं. सासूबाईंच्या मयतीनंतर पहिल्यांदा मी या घरात पाऊल टाकलं." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. दोन्ही बाजूंनी मेंढ्यांची हिरवी माळरानं मागे जात होती. "माझ्या मैत्रिणी नागपूरहून पत्रांत लिहायच्या. सासू अशी बोलली, सासू तशी बोलली, भाजीत मीठ काहून कमी घातलं म्हणाली. मला हेवा वाटायचा. सासुरवास व्हायला तरी आधी घरात घ्यावं लागतं ना."

घर इव्हानच्या वाट्याला आलं, आणि थोड्याच वर्षांत तो गेला. बहीण मार्गारेट त्याच्याहून बरीच मोठी. लग्न केलेलं नव्हतं, डब्लिनला शाळेत शिकवत होती. लग्नाला आली नाही, भावाच्या मयतीला आली ती चर्चच्या मागच्या बाकावरूनच परत गेली. आता नव्वदीच्या घरात होती, आणि ती राहत होती तो वृद्धाश्रम बंद होणार होता. मॅनेजरनं जवळचं माणूस म्हणून शोधत शोधत कुमुदताईंना फोन केला होता.

मी म्हटलं, "ताई, दुसरी सोय बघता आली असती की. ज्यांनी तुम्हाला दारातून..."

"ती माहेरी येऊन राहिली आहे," त्या म्हणाल्या. "माहेरी यायला वहिनीची परवानगी लागते का?"

वृद्धाश्रमाच्या दालनात चाकाच्या खुर्चीत एक उंच, हाडकुळी बाई हॅट घालून ताठ बसली होती. मांडीवर हँडबॅग, दोन्ही हात तिच्यावर. फोटोतल्या मंडळींच्या रांगेत तिला उभी केली असती तर कुणाला शंका आली नसती. तिनं कुमुदताईंना नीट न्याहाळलं.

"मला वाटलं होतं तू उंच असशील," ती इंग्रजीत म्हणाली.

"तुम्ही पाहिलं होतंत ना मला."

"वरून. वरून अंदाज येत नाही."

एवढंच. पुढे गॉलवे येईपर्यंत मागच्या सीटवर दोघी आपापल्या खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. घरात आल्या आल्या मार्गारेट म्हणाली, "प्रेस हलवलीस." कुमुदताई म्हणाल्या, "भिंतीला ओल येत होती." मार्गारेट म्हणाली, "येतेच तिथे." मी चहा न घेता निघाले.

पुढचे काही दिवस मंडळात दुसरा विषय नव्हता. दोघी एकमेकींना खाणार, यावर सगळ्यांचं एकमत होतं. आधी कोण कोणाला, एवढाच प्रश्न होता. मी फोन केला की ताई फक्त म्हणायच्या, "ग्रँड होऊन राहिलंय." पण आवाजात मॅकनॅब कमी आणि काळजी जास्त असायची. म्हणून एका रविवारी दुपारी मी मसालेभात केला, सईला घेतलं आणि गेले.

मार्गारेट खिडकीशी बसली होती. तिनं हँडबॅगेतून पत्त्यांचा जोड काढला आणि समोरच्या स्टुलावर एकटीचा डाव मांडायला घेतला. कुमुदताई कपबशा घेऊन आल्या आणि थबकल्या.

"मार्गारेट," त्या अगदी हळू म्हणाल्या, "आज रविवार आहे. इसाबेलाला आवडणार नाही."

मार्गारेटनं मान वर केली. "कोण इसाबेला?"

"तुमची आजी."

"माझ्या आजीचं नाव ॲग्नेस होतं. मला पत्ते तिनंच शिकवले. रविवारी. चर्चमधून आल्यावर. आणि ती फसवायची."

मला वाटलं जमीन दुभंगावी आणि मसालेभातासकट मला पोटात घ्यावं. कुमुदताईंनी कपबशा खाली ठेवल्या. बोळात गेल्या, खुर्चीवर चढून भिंतीवरचा तो फोटो काढला आणि आणून मार्गारेटच्या मांडीवर ठेवला.

"सांगा," त्या म्हणाल्या.

मार्गारेटचं लांबसडक बोट काचेवरून फिरू लागलं. "हा सँडी. माझा आजोबा."

"अलेक्झांडर," ताई म्हणाल्या. तेवढं एक नाव घराच्या कागदांवर होतं.

"तेच. आजीला घाबरायचा. तिचा आवाज चढला की गोठ्यात जाऊन फिडल वाजवत बसायचा. बाबा सांगायचे, गाई त्यामुळे दूध जास्त द्यायच्या. ही आजी. तोंडात सतत पाइप. फोटोपुरता काढलाय, गाल बघ, अजून फुगलेला आहे. तिच्याएवढ्या शिव्या बंदरावरच्या हमालांनाही येत नसत. हा तिचा भाऊ."

"नांगऱ्या," सई म्हणाली.

"नांगऱ्या? हा शाळामास्तर होता. नांगराला त्याचा हात लागला असता तर नांगर आजारी पडला असता."

"आणि ह्या?" कुमुदताईंनी बादलीवाल्या बाईवर बोट ठेवलं. "जेसी... आत्या?"

"ही मोलकरीण. नाव आता कुणालाच ठाऊक नाही. इकडे येताना बोटीवर एका खलाशाबरोबर पळाली. आजी म्हणायची, घरात तेवढी एकच शहाणी निघाली."

मी ताईंच्या जवळ सरकले आणि मराठीत विचारलं, "ताई, तुम्हाला ही नावं कुणी सांगितली होती?"

"कोणीच नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात लाज नव्हती, थकवा होता. "इव्हानला आजी आठवत नव्हती. घरचा विषय काढला की तो उठून बाहेर जायचा. कबरीच्या दगडावर नुसतं मॅकनॅब कोरलेलं. तो गेल्यावर माळा साफ करत होते, तर पोत्यांमागे हा फोटो सापडला. इतकी माणसं, माझ्याकडे बघून राहिलेली, आणि मी सून असून मला एका अलेक्झांडरशिवाय कोणाचं नाव माहीत नाही. मग मीच बाकीच्यांचं बारसं केलं."

"आणि ते नियम?"

"हे करू नको, ते करू नको, असं म्हणणारं कोणी तरी लागतं गं घरात. दिवसच्या दिवस कोणी काहीच म्हणत नाही, तर वाटायला लागतं की आपण इथे राहतच नाही."

"काय म्हणते आहे ती?" मार्गारेटनं विचारलं.

मी काय सांगावं या विचारात असतानाच कुमुदताई तिच्याकडे वळल्या आणि साध्या, सरळ इंग्रजीत म्हणाल्या, "मी म्हणत होते, ही सगळी मी मनानं रचली. नावं, नियम, सगळं. तुमच्या आजीला मी इसाबेला केलं."

मार्गारेटनं फोटो उचलून डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाली, "तिला आवडलं असतं. ॲग्नेस या नावाचा तिला तिटकारा होता."

तिनं स्टुलावरचे पत्ते एकेक करून गोळा केले. जोड हातात सारखा केला. "मी तुझ्या लग्नाला आले नाही," ती म्हणाली.

"नाही आलात."

"जेवण कसं होतं?"

"सूप गार होतं."

"मग फार काही चुकलं नाही." ती पत्त्यांकडेच बघत होती. "तुझी साडी निळी होती. पावसात भिजत होती. मी आईला म्हटलं होतं, ती साडी खराब होईल."

"मोरपंखी होती," कुमुदताई म्हणाल्या. "झाली खराब."

सईनं स्टूल पुढे ओढलं आणि मार्गारेटनं न विचारता तिला पत्ते वाटले. मी मसालेभात गरम करायला उठले. परत आले तेव्हा मार्गारेटनं फोटो बाजूला ठेवला होता आणि ती कुमुदताईंना म्हणत होती, "माझी माणसं झाली. आता तुझी सांग."

"कुठली?"

"तुझी स्वतःची. तुला आई असेल ना."

मॅकनॅबांवर तासन्‌तास बोलणाऱ्या कुमुदताई अडखळल्या. इंग्रजीत "माय मदर वॉज" म्हणाल्या आणि थांबल्या. पुन्हा "शी वॉज" म्हणाल्या आणि पुन्हा थांबल्या. पदराशी चाळा करावा तसा त्यांनी ट्वीडच्या कोटाचा काठ मुठीत धरला, आणि मग एकदम मराठीत सुरू झाल्या.

"माझी आई ना, मोठ्यानं हसायची. चार घरं पलीकडे ऐकू जायचं, बाबा खिडक्या लावून घ्यायचे. मी इकडे यायला निघाले तेव्हा तिनं सांबारवड्या केल्या, डबाभर. विमानतळावर कोणी तरी म्हणालं, हे आत नेऊ देणार नाहीत. तर म्हणते कशी, मग इथेच बसून खा, अन् संपल्यावर जा. आणि मी बसले ना बाप्पा, बाकावर, नवी साडी नेसून. एकेक करत सगळ्या खाल्ल्या. ती समोर उभी राहून बघून राहिली होती. म्हणाली, हळू खा, घाई नाही..."

मी मार्गारेटकडे झुकले आणि इंग्रजीत सांगायला लागले, की त्यांच्या आईनं त्यांना निघताना कोथिंबिरीचा काही खाऊ करून दिला होता. मार्गारेटनं एक बोट वर करून मला गप्प केलं. कानातलं ऐकू यायचं यंत्र नीट बसवलं, खुर्चीत पुढे झुकली आणि आपल्या भावजयीला म्हणाली, "गो ऑन."